कॅशे पुसायच्या आधी जुनी प्रत कुठे अडकली आहे ते बघा

प्रश्न: एका संकेतस्थळावरचा अर्ज बदलला आहे. सहकाऱ्यांना नवा दिसतो, मला मात्र जुनाच. मदतीसाठी फोन केला तर "ब्राउझरचा कॅशे क्लिअर करा" एवढंच सांगून ठेवून दिला. मी समोर आलेल्या सगळ्या चौकटींत टिक केली आणि सगळं पुसलं. आता सगळीकडून लॉगआउट झालो, जपून ठेवलेले पासवर्ड गेले आणि अर्ज अजूनही जुनाच आहे. माझं काय चुकलं? कॅशे नीट साफ कसा करायचा? आणि कॉम्प्युटर वेगात चालावा म्हणून तो रोज साफ करावा का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर एका शब्दाचं आहे: नको. रोज नको, दर आठवड्यालाही नको. कॅशे म्हणजे रोज झाडून काढायचा केर नाही, ती ब्राउझरने तुमच्यासाठी करून ठेवलेली संकेतस्थळांच्या फायलींची बेगमी आहे. ती पुसली की पुढच्या वेळी प्रत्येक संकेतस्थळ पहिल्यापासून सगळं खाली उतरवतं, म्हणजे वेग वाढायच्या ऐवजी काही काळ कमीच होतो.

आता तुमचं काय चुकलं ते. खरं तर फारसं काही नाही, सल्लाच अर्धवट होता. गेली बरीच वर्षं मी ऑफिसातले कॉम्प्युटर आणि काही संकेतस्थळं सांभाळतो, त्यामुळे हे वाक्य मी स्वतःही असंख्य वेळा फेकलेलं आहे. प्रामाणिकपणे सांगायचं तर बरेचदा ते फोन लवकर ठेवता यावा म्हणून म्हटलं जातं. नेमकं काय पुसायचं, काय पुसायचं नाही आणि पुसून उपयोग होणार आहे की नाही, हे तिन्ही भाग त्यात गाळलेले असतात.

शब्दानेही घोळ होतो. इंग्रजी उच्चार 'कॅश' असाच आहे, रोकडीसारखा. हिशेब विभागातल्या एका बाईंना मी एकदा फोनवर "कॅश क्लिअर करा" म्हणालो, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "ते संध्याकाळी होतं, दिवसाचा हिशेब लागल्यावर." तेव्हापासून मी लिहिताना 'कॅशे' लिहितो आणि फोनवर सरळ 'ब्राउझरने साठवलेल्या जुन्या फायली' म्हणतो. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लपवून ठेवलेला साठा असा आहे. कॉम्प्युटरच्या जगात तो आला १९६८ मध्ये, आयबीएमच्या सिस्टम/३६० मालिकेतल्या मॉडेल ८५ बरोबर. त्या यंत्रात मुख्य मेमरी संथ पडायची म्हणून प्रोसेसरच्या जवळ एक लहान पण वेगवान मेमरी ठेवली होती. ब्राउझर हेच करतो, फक्त इथे संथ बाजू इंटरनेटची असते.

तुम्हालाच जुना अर्ज का दिसतो, हे कळायला पुढची गोष्ट समजून घ्या. एक पान उघडायचं म्हणजे ब्राउझरला एकच फाईल आणावी लागत नाही. मजकूर, चित्रं, अक्षरांचे फॉन्ट, रंगरूप ठरवणाऱ्या फायली, बटणं चालवणाऱ्या फायली असं बरंच काही येतं. यातल्या फायलींबरोबर सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळ ज्यावर ठेवलेलं असतं तो कॉम्प्युटर, सहसा एक सूचनाही पाठवतो: ही इतके सेकंद ताजी समजा. बऱ्याच संकेतस्थळांवर तिथे ३१५३६००० हा आकडा असतो, म्हणजे बरोबर ३६५ दिवस. ती मुदत आहे तोवर ब्राउझर सर्व्हरला काही विचारतच नाही, जवळची प्रत काढून दाखवतो. मुदत संपल्यावर तो विचारतो की माझ्याकडची प्रत अजून चालेल का? बदल झालेला नसेल तर सर्व्हर फक्त '३०४' असा छोटा निरोप देतो आणि तीच प्रत पुढे वापरली जाते.

सर्व्हरने मुदत सांगितलीच नाही तर? मग ब्राउझर अंदाज बांधतो. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या पद्धतीने बोलतात त्या एचटीटीपीच्या नियमावलीत यासाठी सुचवलेला नेहमीचा हिशेब असा की फाईल शेवटची बदलून जेवढे दिवस झाले असतील त्याच्या १० टक्के काळ ती ताजी मानायची. १०० दिवसांपूर्वी बदललेली फाईल असेल तर १० दिवस. म्हणजे जो अर्ज वर्षानुवर्षं बदललेला नाही, तो ब्राउझर जास्त भरवशाने जपून ठेवतो, आणि नेमका तोच एक दिवस बदलला की पंचाईत होते. ज्या सहकाऱ्याने तो अर्ज पूर्वी कधी उघडलाच नव्हता त्याला पहिल्या फटक्यात नवा दिसतो. तुम्ही नेमाने उघडत होतात, म्हणून तुमच्याकडे जुना.

आता त्या चौकटींकडे वळू, कारण तुमचं नुकसान तिथे झालं. 'डिलीट ब्राउझिंग डेटा' म्हटल्यावर जी यादी समोर येते तिच्यात एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टी शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. हिस्टरी म्हणजे तुम्ही कुठे कुठे गेलात त्याची नोंद. कुकीज म्हणजे तुम्ही आधीच लॉगिन केलेलं आहे हे संकेतस्थळाला पटवणारी चिठ्ठी. ती गेली की सगळीकडून लॉगआउट. पासवर्ड आणि फॉर्ममध्ये आपोआप भरला जाणारा मजकूर हे तर तुम्ही स्वतः जमवलेलं धन. आणि 'कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स' ही एकच चौकट अशी आहे की जिच्यातलं सगळं इंटरनेटवरून पुन्हा जसंच्या तसं मिळतं. या कामासाठी फक्त तिलाच टिक हवी. बाकीच्या टिका आधी काढा, मग बटण दाबा. ब्राउझर मागच्या वेळच्या टिका लक्षात ठेवतो, त्यामुळे एकदा चुकून सगळ्या केल्या असतील तर पुढच्या वेळी त्या तशाच तयार असतात.

यात आणखी एक खाच आहे. ब्राउझरमध्ये खात्याने साइन इन करून सिंक, म्हणजे सगळ्या उपकरणांवर तीच माहिती ठेवायची सोय, चालू ठेवलेलं असेल, तर हिस्टरी आणि पासवर्ड पुसल्याचा परिणाम त्या एका कॉम्प्युटरवर थांबत नाही, खात्याला जोडलेल्या फोनवरून आणि घरच्या मशीनवरूनही ते जातात. कॅशेचं तसं नाही. तो त्या त्या यंत्रापुरता असतो, इथे पुसला म्हणून तिथे पुसला जात नाही.

काहीही पुसण्याआधी दोन मिनिटांची तपासणी करा. माझा अनुभव असा की निम्म्या वेळा कॅशे पुसायची गरजच उरत नाही.

तोच पत्ता खासगी खिडकीत उघडा. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन. फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी. ही खिडकी जुन्या कॅशेला हात लावत नाही आणि बंद केल्यावर आपला साठाही टाकून देते. अर्ज इथे नवा दिसला तर दोष तुमच्या नेहमीच्या खिडकीत साठलेल्या कशात तरी आहे. मात्र 'कशात तरी' हा शब्द जपून वापरतोय. खासगी खिडकीत कुकीजही नसतात आणि एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या सोयी, सहसा बंद असतात, त्यामुळे कधी कधी दोषी कॅशे नसून जाहिराती अडवणारं एखादं एक्स्टेन्शन निघतं.

खासगी खिडकीतही जुनाच दिसला तर फोनवर वायफाय बंद करून मोबाईल डेटावर तो पत्ता उघडा. तिथेही जुना असेल तर तुमच्या कॉम्प्युटरवर काहीही पुसून उपयोग नाही. मोठी संकेतस्थळं आपल्या फायलींच्या प्रती जगभरच्या मधल्या सर्व्हरांवर ठेवतात, आणि तिथली प्रत जुनी राहिली असेल तर ती फक्त संकेतस्थळ चालवणाऱ्यांनाच काढता येते. अशा वेळी "मोबाईल डेटावर, खासगी खिडकीत, दुसऱ्या यंत्रावरही जुनंच दिसतंय" एवढं सांगितलं की समोरचा माणूस कॅशेचं नाव काढत नाही.

आणि एक अगदी साधी शक्यता, जी मला फार उशिरा सुचायला लागली. अर्ज पीडीएफ असेल तर तुम्ही तो ब्राउझरमधून उघडताय की 'डाउनलोड्स' फोल्डरमधून? मागच्या वेळी उतरवलेली फाईल तिथे पडलेली असते. नवी उतरवली की तिच्या नावापुढे कंसात १ लागतो, आणि माणूस सवयीने जुन्याच नावावर क्लिक करतो. एकदा मी कुणाच्या तरी शेजारी बसून पाऊण तास कॅशे, कुकीज, सगळं पालथं घातलं होतं, आणि जुना अर्ज डाउनलोड्समध्ये निवांत बसला होता.

तपासणीत दोष तुमच्या ब्राउझरकडे निघाला, तरी पहिलं पाऊल पुसण्याचं नाही, सक्तीने रीलोड करण्याचं आहे. विंडोजवर कंट्रोल आणि एफ५, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि आर. मॅकवर क्रोम आणि फायरफॉक्समध्ये कमांड, शिफ्ट आणि आर. सफारीत ऑप्शन, कमांड आणि आर. याने ब्राउझर त्या पानापुरता साठा बाजूला ठेवतो आणि सर्व्हरकडून सगळं नव्याने मागतो. बाकीच्या संकेतस्थळांना धक्का लागत नाही, लॉगिनही टिकतं.

नुसतं एफ५ दाबून हे का होत नाही, असं विचारलं जातं. पूर्वी बऱ्याच अंशी व्हायचं. साध्या रीलोडलाही ब्राउझर पानावरच्या प्रत्येक फायलीची सर्व्हरकडे चौकशी करायचा. २०१७ च्या सुरुवातीला क्रोमच्या चमूने जाहीर केलं की आता साध्या रीलोडमध्ये फक्त मुख्य पानाची चौकशी होईल, बाकीच्या फायली मुदतीत असतील तर साठ्यातूनच येतील. त्यांच्या आकड्यांनुसार त्यामुळे चौकशा ६० टक्क्यांनी घटल्या आणि रीलोड २८ टक्के वेगवान झालं. सोय झाली यात शंका नाही, पण "मी दहा वेळा रिफ्रेश केलं" या वाक्याला त्या दिवसापासून फारसा अर्थ उरला नाही.

सक्तीच्या रीलोडलाही मर्यादा आहे. पान उघडताना ज्या फायली येतात त्यांनाच ते लागू होतं. बटण दाबल्यावर किंवा खाली सरकल्यावर मागून येणारे तुकडे जुन्या साठ्यातून येऊ शकतात. पीडीएफ किंवा चित्र असेल तर त्याचा स्वतःचा पत्ता वेगळ्या टॅबमध्ये उघडा आणि तिथे सक्तीचं रीलोड करा. ज्या पानावर त्याची लिंक आहे ते पान कितीही रीलोड केलंत तरी पीडीएफ बदलणार नाही. दुसरी युक्ती म्हणजे पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकून पुढे कोणताही आकडा लिहायचा. ब्राउझरच्या दृष्टीने तो वेगळा पत्ता होतो, त्याची प्रत साठ्यात नसते, म्हणून तो नवी आणतो. बहुतेक ठिकाणी चालते.

क्रोम आणि एजमध्ये मला सर्वांत आवडणारा मार्ग असा: ते पान उघडं ठेवून एफ१२ दाबा. बाजूला किंवा खाली प्रोग्रामर लोकांचं पॅनेल उघडेल, त्यातलं काही कळलं नाही तरी घाबरू नका. ते उघडं असताना वर पत्त्याच्या डावीकडच्या गोल बाणावर उजवं क्लिक करा. एरवी न दिसणारे तीन पर्याय येतात, त्यातला शेवटचा 'एम्प्टी कॅश अँड हार्ड रीलोड' निवडा आणि पॅनेल बंद करा. मात्र नावातच आहे तसं, यात ब्राउझरचा साठवलेला सगळा कॅशे रिकामा होतो. कुकीज आणि पासवर्ड मात्र जागेवर राहतात, म्हणून चुकीच्या चौकटीत टिक पडण्याची भीती नाही.

एवढं करूनही भागलं नाही तर नेहमीच्या मार्गाने कॅशे साफ करा. क्रोम, एज आणि फायरफॉक्स तिन्हींत विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकदम दाबलं की तीच खिडकी उघडते. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड. मुदतीच्या जागी 'ऑल टाइम' निवडा, फायरफॉक्समध्ये त्याला 'एव्हरीथिंग' म्हणतात. मुदत आधीच लहान निवडलेली असू शकते आणि ती तशीच राहिली तर सगळं निघालं की नाही याचा भरवसा राहत नाही. मग वर सांगितलेली एकच चौकट. फायरफॉक्सच्या नव्या आवृत्त्यांत तिचं नाव 'टेम्पररी कॅश्ड फाइल्स अँड पेजेस' असं आहे. आवृत्ती बदलली की खिडकीची मांडणी थोडी इकडेतिकडे होते, पण 'कॅश' हा शब्द असलेली चौकट एकच असते, तिच्यावर नजर ठेवा.

सफारीची तऱ्हा वेगळी. तिथे मेनूत 'क्लिअर हिस्टरी' दिसतं आणि लोक तेच दाबतात. त्याने हिस्टरी आणि कुकीजही जातात, आणि आयक्लाउड चालू असेल तर हिस्टरी बाकीच्या उपकरणांवरूनही जाते. नुसता कॅशे काढायचा असेल तर सफारीच्या सेटिंग्जमध्ये 'अॅडव्हान्स्ड' टॅबवर तळाशी वेब डेव्हलपरसाठीच्या सोयी दाखवण्याची चौकट आहे, तिला टिक करा. वर 'डेव्हलप' नावाचा मेनू येईल, त्यात 'एम्प्टी कॅशेस'. शॉर्टकट ऑप्शन, कमांड आणि ई.

पुसून झाल्यावर आधीपासून उघडा असलेला टॅब आपोआप बदलत नाही, तो रीलोड करावा लागतो. आणि मागे जाण्याच्या बाणाने त्या पानावर जाऊ नका. आजचे ब्राउझर नुकतीच सोडलेली पानं मेमरीत गोठवून ठेवतात आणि बाण दाबला की तीच जशीच्या तशी परत आणतात. फायरफॉक्स हे २००५ पासून करतो, डेस्कटॉपवरच्या क्रोममध्ये ते २०२१ मध्ये आलं. पत्ता नव्याने टाका.

ब्राउझरमध्ये दोन प्रोफाइल असतील, एक कामाची आणि एक घरची, तर प्रत्येकीचा साठा वेगळा असतो. एकीत पुसून दुसरीत बघत बसणारे मी पाहिले आहेत. एजमधून जुनी संकेतस्थळं 'इंटरनेट एक्स्प्लोरर मोड'मध्ये उघडत असाल तर त्याचाही साठा निराळा. इंटरनेट एक्स्प्लोरर हा जुना ब्राउझर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला तरी त्याचं हे भूत एजच्या पोटात आहे, आणि ते पुसायचा पर्याय एजच्या प्रायव्हसीच्या सेटिंग्जमध्ये स्वतंत्रपणे दिलेला आहे.

आता तुमच्या बाबतीतला खरा पेच: सगळं पुसूनही जुनंच का दिसतंय? मोबाईल डेटावरची चाचणी तुम्ही केलेली दिसत नाही, म्हणून पहिला संशय मधल्या सर्व्हरवरच्या प्रतीवर, आणि अर्ज पीडीएफ असेल तर त्याच्या बरोबरीने डाउनलोड्स फोल्डरवर.

दुसऱ्या लोकांच्या बाबतीत मात्र सगळ्यांत जास्त चकवणारी गोष्ट वेगळी असते. काही संकेतस्थळं स्वतःची एक छोटी आज्ञावली ब्राउझरमध्ये बसवतात, तिला 'सर्व्हिस वर्कर' म्हणतात. नेट नसतानाही पान उघडावं यासाठी ती असते, आणि तिचं कोठार नेहमीच्या कॅशेपेक्षा वेगळं असतं. क्रोममध्ये ते कोठार कॅशेच्या चौकटीत मोडत नाही, कुकीज आणि साइट डेटाच्या चौकटीत मोडतं. म्हणून शहाण्यासारखी फक्त कॅशेला टिक करणारी माणसंच इथे फसतात. यासाठी सगळ्या कुकीज उडवायची गरज नाही. त्या संकेतस्थळावर असताना एफ१२ दाबा, 'अॅप्लिकेशन' टॅबमध्ये 'स्टोरेज' वर जा आणि 'क्लिअर साइट डेटा' दाबा. फक्त त्याच संकेतस्थळाचं सामान जातं, लॉगिनही फक्त तिथलंच जातं. फायरफॉक्समध्ये पत्त्याजवळच्या कुलपावर क्लिक करून त्या संकेतस्थळापुरत्या कुकीज आणि साइट डेटा पुसता येतो.

संकेतस्थळ नुकतंच नव्या सर्व्हरवर हलवलं असेल तर आणखी एक साठा मध्ये येतो: नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधल्याची नोंद, म्हणजे डीएनएसचा कॅशे. तो विंडोज किंवा मॅकओएस स्वतः ठेवतं, ब्राउझरच्या खिडकीत कितीही टिका केल्या तरी हलत नाही. त्यासाठी आज्ञा आहेत, पण पाठ करायच्या नसतील तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, तेवढ्याने निदान तुमच्या यंत्रातली नोंद जाते. ऑफिसच्या नेटवर्कवर किंवा इंटरनेट पुरवणाऱ्याकडे उरलेली जुनी नोंद आपल्या वेळेनेच जाते, तिला इलाज थांबण्याचा.

आणखी एक साठवणूक मी स्वतःच्या हाताने लोकांच्या गळ्यात घातलेली आहे. एक पान दुसऱ्या पत्त्यावर वळवायचं होतं आणि मी चुकून 'कायमचं स्थलांतर' अशी नोंद केली, जिला ३०१ म्हणतात, तीही चुकीच्या पत्त्याकडे. दहा मिनिटांत चूक लक्षात आली, सर्व्हरवर दुरुस्त केली आणि मी निश्चिंत झालो. पण त्या दहा मिनिटांत ज्यांनी पान उघडलं होतं त्यांच्या ब्राउझरने 'कायमचं' हा शब्द मनावर घेतला होता. ते जुना पत्ता टाकायचे आणि ब्राउझर सर्व्हरला न विचारताच त्यांना चुकीच्या जागी नेऊन सोडायचा. आठवडाभर फोन येत होते. अशा वेळी "कॅशे क्लिअर करा" हे खरोखरच औषध असतं, पण चूक माझी आणि ते कडू औषध घेणार लोक, याची लाज वाटत राहिली. तेव्हापासून पूर्ण खात्री होईपर्यंत मी तात्पुरतं स्थलांतरच, म्हणजे ३०२, वापरतो.

त्यामुळे कुणी संकेतस्थळ चालवत असेल आणि वापरणाऱ्यांना वारंवार कॅशे पुसायला सांगावं लागत असेल, तर दुरुस्ती त्यांच्या ब्राउझरमध्ये नसून आपल्याकडे व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. नेटस्केप या जुन्या ब्राउझर कंपनीतले अभियंते फिल कार्लटन यांचं एक वाक्य या धंद्यात सतत उगाळलं जातं: संगणकशास्त्रात अवघड गोष्टी दोनच, कॅशे रद्द करणं आणि वस्तूंना नावं देणं. गंमत अशी की पहिल्या अडचणीवरचा उपाय दुसरीतच आहे. रंगरूपाच्या आणि बटणांच्या फायलींना वर्षाची मुदत द्या, पण फाईल बदलली की तिचं नावही बदला. मुख्य पानाला मात्र 'नो-कॅश' सूचना लावा. तिचा अर्थ 'साठवू नका' असा नाही, वापरण्याआधी दर वेळी विचारा असा आहे. साठवूच नका म्हणायचं असेल तर 'नो-स्टोअर'. ही दोन नावं ज्याने कुणी ठेवली त्याने कार्लटनना उदाहरणच पुरवलं.

वेगाबद्दल आणखी थोडं. कॅशेला ब्राउझरनेच मर्यादा घातलेली असते. ती भरली की बराच काळ न वापरलेल्या फायली तो आपण होऊन काढतो. म्हणून डिस्क भरली आहे म्हणून कॅशे पुसणं म्हणजे घर लहान पडतं म्हणून खिडकीतली कुंडी काढण्यासारखं. व्हिडिओ आणि जुने डाउनलोड आधी बघा. 'एका क्लिकमध्ये कॉम्प्युटर वेगवान' असं सांगणारी साफसफाईची सॉफ्टवेअर तर मी कुणाच्याही मशीनवर ठेवत नाही. ब्राउझरच्या स्वतःच्या बटणाने जे होतं त्याच्यासाठी तिसऱ्याला घरात कशाला घ्यायचं?

नेमाने पुसावं अशी परिस्थिती एकच: कॉम्प्युटर अनेकांच्या हातातला असेल तर. पाहिलेली चित्रं आणि पानांचे तुकडे साठ्यात राहू शकतात. तिथे शक्यतो खासगी खिडकीच वापरा. एजमध्ये आणि फायरफॉक्समध्ये बंद करताना काय काय पुसायचं ते ठरवून ठेवता येतं, त्यात कॅशेही धरता येतो. अशा सामायिक मशीनवर कुकीजही पुसलेल्याच बऱ्या. तुमच्या स्वतःच्या मशीनवर मात्र ही सेटिंग लावू नका, रोज सकाळी सगळीकडे पुन्हा लॉगिन करत बसाल.

राहता राहिले तुमचे गेलेले पासवर्ड. सिंक चालू नसेल तर ते फक्त त्या कॉम्प्युटरवरून गेले असतील, फोनवर किंवा दुसऱ्या ब्राउझरमध्ये साठवलेले तसेच असतील, तिथे बघा. सिंक चालू असेल, तर पुसल्यानंतर एकदाही इंटरनेटला न लागलेलं एखादं यंत्र आहे का ते आठवा, कपाटात ठेवलेला जुना लॅपटॉप किंवा टॅब्लेट. त्याला पुसल्याचा निरोप अजून पोचलेला नसतो. मिळाला तर सुरू करायच्या आधी वायफायचा राउटर बंद करा, सुरू झाल्यावर त्याचं वायफाय बंद करा, मग ब्राउझर उघडून पासवर्डची यादी कागदावर उतरवून घ्या आणि त्यानंतरच नेट जोडा. असं यंत्र नसेल तर 'पासवर्ड विसरलात?' हाच रस्ता. सुरुवात ईमेलच्या खात्यापासून करा, कारण बाकी सगळ्यांचे दुवे तिथेच येणार आहेत.